लाकडाचे मूल, प्लॅस्टिकचा बाप

‘टॉय स्टोरी २’ हा चित्रपट १९९९ साली प्रदर्शित झाला. त्याच्या अखेरीस एक लहानसा प्रसंग आहे. मिस्टर पोटॅटो हेड या बटाट्याच्या आकाराच्या तापट खेळण्याने तीन डोळ्यांच्या तीन हिरव्या परग्रहवासी खेळण्यांना धावत्या गाडीच्या खिडकीतून पडता पडता वाचवलेले असते. तेव्हापासून ते तिघे आपण त्याचे आजन्म ऋणी आहोत असे एका सुरात बोलून त्याला भंडावून सोडतात. घरी परतल्यावर ही हकीकत त्याच्या पत्नीला समजते. तिला ती तिन्ही पोरे गोजिरवाणी वाटतात आणि आपण यांना दत्तक घेऊ, असे ती त्याच क्षणी ठरवून टाकते. तिघे ‘बाबा’ म्हणून हाक मारतात. त्या हाकेसरशी पोटॅटो हेडच्या चेहऱ्याची जी अवस्था होते, तिला प्रेक्षागृहात मोठा हशा मिळतो.

हा हशा वरवरचा नाही, असे आम्हांला वाटते. साहित्याच्या अभ्यासकाने ज्याच्याकडे गंभीरपणे पाहावे असा एक जुना प्रश्न त्याच्या मागे उभा आहे. जे मूल आपण मागितले नव्हते, पण जे आपल्या हातून जगले वा जिवंत झाले, त्याचे आपण कोण लागतो? आणि त्याहून अवघड म्हणजे, कोण कोणाचे देणे लागतो?

आपल्याकडे या प्रश्नाचे उत्तर परंपरेने देऊन ठेवलेले आहे. माणूस जन्मतःच देवऋण, ऋषिऋण आणि पितृऋण घेऊन येतो. ऋणको अपत्य, धनको आईबाप, हा हिशेब त्यात गृहीत आहे. पाश्चात्त्य बालवाङ्मयातील सजीव खेळण्यांच्या कथाही याच हिशेबापासून सुरू होतात. मात्र पुढच्या सुमारे एकशेचाळीस वर्षांत त्यांनी तो हळूहळू उलटा लिहिला. तो कसा, हे पाहणे हा या लेखाचा हेतू आहे.

(१)

या इतिहासाची सुरुवात इटलीतील फ्लॉरेन्स शहरात होते. कार्लो लोरेन्झिनी (१८२६–१८९०) हा तेथील पत्रकार. त्याचे वडील एका उमराव घराण्यात आचारी होते. आईचे गाव कोल्लोदी, आणि तेच नाव त्याने लेखनासाठी घेतले. इटलीच्या एकीकरणासाठी १८४८ आणि १८५९ अशा दोन लढायांत तो स्वयंसेवक म्हणून गेला होता. तो अविवाहित राहिला. जगातील बहुधा सर्वांत प्रसिद्ध बाप-लेकाची गोष्ट ज्याने लिहिली, त्याला स्वतःचा संसार नव्हता.

फेर्दिनांदो मार्तिनी यांच्या संपादकत्वाखाली ‘ज्योर्नाले पेर इ बाम्बिनी’ हे मुलांचे साप्ताहिक जुलै १८८१ मध्ये निघाले आणि त्याच्या पहिल्याच अंकापासून कोल्लोदीची बाहुल्याची गोष्ट क्रमशः येऊ लागली. आज चित्रपटांमुळे आपल्या मनात जो प्रेमळ, अपत्यासाठी आसुसलेला जेपेत्तो ठसला आहे, तो या मूळ कथेत नाही. हा जेपेत्तो दरिद्री आहे, रागीट आहे, आणि बाहुला बनवण्यामागचा त्याचा हेतू रोकडा आहे. नाचणारा, तलवार फिरवणारा, कोलांट्या मारणारा बाहुला करायचा, त्याला घेऊन गावोगाव हिंडायचे आणि पोटापुरती भाकरी मिळवायची. त्याला हवे होते ते उपजीविकेचे साधन. मूल त्याच्या पदरी आले ते अनपेक्षितपणे.

आणि तेही कसे? लाकूड घडत असतानाच उलटू लागते. डोळे कोरताच ते टक लावून पाहतात, तोंड पुरे होण्याआधीच हसू लागते, हात तयार होताच बापाच्या डोक्यावरचा टोप हिसकावतात, आणि पाय झाल्याबरोबर पहिली लाथ बापालाच बसते. पोर रस्त्यावर पळते. त्याला धरताना जेपेत्तोच पोलिसांच्या हाती सापडतो आणि ती रात्र तुरुंगात काढतो. पितृत्वाचा पहिला दिवस असा संपतो.

मराठीत अशा बाहुल्याला ‘कळसूत्री’ म्हणतात. कळ आणि सूत्र दुसऱ्याच्या हाती असणारा, असा त्याचा अर्थ. पिनोकिओला सूत्रच नाही. तेव्हा त्याला बापाशी बांधून ठेवील असे दुसरे काही हवे, आणि कोल्लोदीने त्या जागी कर्ज योजले आहे. शेगडीवर पिनोकिओचे पाय जळून जातात, तेव्हा जेपेत्तो नवे पाय करून देतो. स्वतःच्या न्याहारीसाठी आणलेली तीन नासपती फळेही त्यालाच देतो. शाळेसाठी अंकलिपी हवी म्हणून भर थंडीत अंगावरचा कोट विकतो. इटलीत १८७७ च्या कायद्याने सहा ते नऊ वर्षांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण सक्तीचे झाले होते, आणि त्याच वर्षी स्वतः कोल्लोदीने ‘ज्यान्नेत्तीनो’ हे शालोपयोगी पुस्तक लिहिले होते. नव्या राष्ट्राने मुलावर हक्क सांगितला होता. त्याची किंमत मात्र बापाच्या कोटातून वसूल होत होती.

पिनोकिओ ती अंकलिपी चार नाण्यांना विकतो आणि बाहुल्यांचा खेळ पाहायला जातो. कर्ज घेणारा आणि ते उधळणारा पोर, हीच या कादंबरीची खरी गती आहे. पंधराव्या प्रकरणात दरोडेखोर त्याला मोठ्या ओक वृक्षावर फाशी देतात आणि बापाची आठवण काढीत तो मरतो. ऑक्टोबर १८८१ मध्ये गोष्ट येथेच संपली होती. बालवाचकांना ते मान्य झाले नाही. त्यांच्या मागणीमुळे फेब्रुवारी १८८२ मध्ये कथा पुन्हा सुरू करावी लागली आणि जानेवारी १८८३ मध्ये छत्तीस प्रकरणांनिशी ती पूर्ण झाली. निळ्या केसांची जी मुलगी आधी एका मृतवत घराच्या खिडकीत दिसली होती, ती उत्तरार्धात पिनोकिओची बहीण होते आणि पुढे त्याची आई होते. अनपेक्षित मातृत्वही असे कथेच्या गरजेतूनच जन्माला आले.

उत्तरार्ध म्हणजे फेड आहे. महाकाय माशाच्या पोटातून म्हाताऱ्या बापाला पाठीवर घेऊन पिनोकिओ पोहत बाहेर येतो. इटालियन वाचकाला येथे जळत्या ट्रॉयमधून बापाला खांद्यावर घेऊन निघालेला व्हर्जिलचा इनिअस आठवत असणार, मराठी वाचकाला कावड घेतलेला श्रावणबाळ आठवतो. त्यानंतर आजारी बापाला रोज पेलाभर दूध मिळावे म्हणून पिनोकिओ पाच महिन्यांहून अधिक काळ पहाटे उठून रहाट ओढतो. एका पेल्यासाठी शंभर बादल्या पाणी. हे सारे झाल्यावरच तो हाडामांसाचा मुलगा होतो. कोल्लोदीच्या लेखी मनुष्यत्व म्हणजे पितृऋणाची परतफेड होती.

(२)

डिस्नेचा ‘पिनोकिओ’ फेब्रुवारी १९४० मध्ये अमेरिकेत प्रदर्शित झाला. ‘स्नो व्हाइट’नंतरचा हा त्या संस्थेचा दुसरा दीर्घ सचेतपट. १९३८ मध्ये त्याचे काम काही काळ थांबवावे लागले होते, कारण मूळचा उर्मट, लाकडी बाहुला प्रेक्षकांना लोभस वाटेना. मग त्याला गोल गालांच्या, निरागस मुलाचे रूप देण्यात आले. हा बदल केवळ रेखाटनाचा नव्हता. बाहुला निरागस झाला की बापही बदलावा लागतो. हा जेपेत्तो घड्याळे आणि खेळणी करणारा सुखवस्तू कारागीर आहे. घरात मांजर आहे, काचेच्या भांड्यात मासोळी आहे, आणि उणीव आहे ती मुलाची. तो ताऱ्याकडे पाहून इच्छा करतो आणि परी ती पुरी करते.

येथे कोट विकावा लागत नाही. मूल उपजीविकेसाठी नाही, ते नवसाचे आहे. त्यामुळे कर्जाचे स्वरूपही पालटते. शूर, सत्यवचनी आणि निःस्वार्थी होऊन दाखव, मग तू खरा मुलगा होशील, अशी अट परी घालते. म्हणजे ऋण आता भाकरीचे आणि दुधाचे राहिले नाही, ते शीलाचे झाले. कोल्लोदीने ज्या उपदेशक रातकिड्याला चौथ्याच प्रकरणात लाकडी हातोडा फेकून मारवले होते, तोच येथे सदसद्विवेकबुद्धी म्हणून मुलासोबत शेवटपर्यंत फिरतो. तरीही हिशेबाची दिशा जुनीच राहिली. बापाला वाचवताना पिनोकिओ प्राण गमावतो आणि तेव्हाच त्याला मनुष्यजन्म लाभतो. फेडायचे आहे ते मुलानेच.

(३)

आमच्या मते या इतिहासाला खरे वळण लागले ते रसेल होबन यांच्या ‘द माउस अँड हिज चाइल्ड’ या १९६७ सालच्या कादंबरीत. अभ्यासक्रमांत ती क्वचितच भेटते, म्हणून तिच्याविषयी थोडे विस्ताराने सांगणे योग्य ठरेल. १९७७ मध्ये तिच्यावर एक सचेतपटही निघाला.

किल्लीवर चालणारे हे उंदराचे खेळणे आहे. बाप आणि मूल यांचे हात एकमेकांत जोडलेले. किल्ली दिली की बाप गोल गोल नाचतो आणि मुलाला उचलून पुन्हा खाली ठेवतो. पितृत्व हे येथे यंत्रातच बसवलेले आहे. त्याला इलाज नाही आणि निवडही नाही. खेळण्यांनी रडू नये असा दंडक असताना हे मूल रडते. त्यातून अपघात होतो, दोघे मोडतात आणि कचऱ्यात जातात. एक भटक्या त्यांना जमेल तसे दुरुस्त करतो. मात्र आता नाच उरलेला नाही. बाप सरळ पुढे चालतो आणि मूल त्याच्यासमोर उलट्या पावलांनी मागे मागे सरकते. बापाला वाट दिसते. मुलाला फक्त बापाचा चेहरा.

बाप-मुलाच्या नात्याचे याहून नेमके चित्र आमच्या वाचनात क्वचितच आले आहे. येथे कोणी कोणाचे ऋणी नाही, कारण दोघेही सारखेच असहाय आहेत. किल्ली द्यायला दोघांनाही तिसरा लागतो. मुलाला आई हवी आहे, आणि दुकानात पाहिलेली खेळण्यातली हत्तीण हीच आपली आई व्हावी असा त्याचा हट्ट आहे. ती हत्तीण प्रथम तोऱ्यात असते. पुढे उकिरड्यावर तिचीही दैना होते आणि अखेर मोडक्यातोडक्यांचे एक कुटुंब उभे राहते. स्वतःची किल्ली स्वतः फिरवता यावी ही बापाची आस. ती एका परीने पुरी होते, पण पूर्णपणे स्वयंचलित असा कोणीच नसतो, ही जाणीवही सोबत येते. पितृऋणाच्या जागी होबन यांनी परस्परावलंबन आणून बसवले. पुढे ‘टॉय स्टोरी’ मालिकेत जे घडते त्याची पूर्वतयारी येथे झालेली दिसते.

(४)

‘टॉय स्टोरी’ हा पहिला भाग नोव्हेंबर १९९५ मध्ये आला. संपूर्णपणे संगणकावर तयार झालेला तो पहिला दीर्घ सचेतपट. तंत्राच्या या नवलाईत एक मोठा वाङ्मयीन बदल झाकला गेला. पिनोकिओत खेळणे हे मूल होते. येथे खेळणे हे पालक झाले. अँडी हा मुलगा झोपतो, खेळतो, वाढतो, आणि वुडी व त्याचे सोबती त्याची काळजी वाहतात. अँडीचे वडील या चित्रपटांत कोठेच दिसत नाहीत. ती रिकामी जागा कापडी अंगाच्या एका काउबॉय बाहुल्याने भरली आहे. वुडीच्या बुटाच्या तळव्यावर अँडीचे नाव लिहिलेले आहे. म्हणजे मालकी मुलाची आणि जबाबदारी खेळण्याची. ज्याच्यावर मालकी आहे त्यानेच मालकाचे संगोपन करायचे, असा हा विलक्षण व्यवहार आहे.

या पार्श्वभूमीवर मिस्टर पोटॅटो हेडच्या दत्तकविधानाकडे पुन्हा पाहावे. हे खेळणे खरोखरीचे आहे. ते १९५२ साली अमेरिकेत बाजारात आले, तेव्हा डब्यात फक्त नाक, कान, डोळे मिळत. बटाटा घरचा घ्यावा लागे. प्लॅस्टिकचा बटाटा १९६४ पासून मिळू लागला. ज्याचा स्वतःचा चेहराही जोडकामाचा, त्याच्या गळ्यात तीन आयती मुले पडतात. मुले कृतज्ञतेचा जप करतात आणि बापाला तो जप नकोसा होतो, यात विनोद आहेच. पण त्या विनोदात पितृऋणाची थट्टाही आहे. आजन्म ऋणी राहण्याची शपथ घेणारे अपत्य हा आईबापांना सुखावणारा आदर्श. येथे बाप त्या आदर्शालाच वैतागला आहे.

हा विनोद अकरा वर्षांनी पुरा झाला. २०१० च्या ‘टॉय स्टोरी ३’ मध्ये सगळी खेळणी कचरा जाळण्याच्या भट्टीकडे घसरत जातात. सुटकेचा मार्ग उरत नाही. ती एकमेकांचे हात धरतात. त्या क्षणी वरून यारीचा भलामोठा पंजा येतो आणि सर्वांना उचलतो. यारी चालवीत असतात तेच तीन परग्रहवासी. बाहेर आल्यावर पोटॅटो हेड त्यांना आपली पोरे म्हणून मिठी मारतो, आणि कृतज्ञतेचे ते जुने वाक्य आता त्याच्या पत्नीच्या तोंडून येते. ऋणको-धनकोंची अदलाबदल झाली आहे. एका वाक्याने बोलणारा बदलला आणि जुना हिशेब उलटला. यासाठी कोणाला उपदेश करावा लागला नाही. आधीच्या चित्रपटातील हशा प्रेक्षकांच्या लक्षात होता, तेवढे पुरे होते.

२०१९ च्या ‘टॉय स्टोरी ४’ मध्ये हीच रेषा आणखी पुढे गेली. बॉनी ही बालवाडीत जाणारी मुलगी एकटी आणि घाबरलेली आहे. वुडी लपून तिच्यासोबत गेला आहे आणि कचऱ्याच्या डब्यातील सटरफटर वस्तू तो हळूच तिच्या टेबलावर टाकतो. एक वापरून टाकायचा काटेचमचा, लवचिक तारेचे हात, आइसफ्रूटच्या काडीचे पाय, चिकटवलेले डोळे, आणि त्या काडीवर बॉनीचे नाव. नाव लिहिताच फोर्की जिवंत होतो. याला आपण बारसे म्हणू. पण या मुलाला जगायचेच नसते. आपण कचरा आहोत असे तो ठामपणे मानतो आणि संधी मिळेल तेव्हा डब्याकडे धावतो. वुडी त्याला रात्र रात्र जागून परत आणीत राहतो. पिनोकिओ बापापासून पळाला तो मौजेसाठी; फोर्की पळतो तो आपण कोणाला हवे आहोत यावर विश्वास नाही म्हणून. वुडीला त्याच्याकडून काहीच येणे नाही. बॉनीने आता वुडीला खेळातही घेणे सोडले आहे. जेथे परतफेडीची आशाच नाही अशा ठिकाणी केलेले हे पालकत्व आहे.

येथे एक आक्षेप विचारात घेतला पाहिजे. खेळण्यांच्या निष्ठेची गोष्ट सांगणारा चित्रपट अखेर खेळणीच विकतो. खेळणे टाकून दिल्याचे दुःख दाखवून तो नव्या खेळण्याची मागणी निर्माण करतो. हा आक्षेप आम्हांला मान्य आहे. तथापि कचऱ्यातून उचललेल्या काटेचमच्याला याच मालिकेने सर्वांत मौल्यवान खेळणे ठरवले, हेही नाकारता येत नाही. कलाकृतीचा बाजार आणि तिचा आशय यांच्यातील असा विरोध वाङ्मयाच्या अभ्यासकाला नवा नाही.

(५)

२०२२ साली गीयेर्मो देल तोरो आणि मार्क गुस्ताफसन यांनी पिनोकिओ पुन्हा इटलीत नेला, तोही मुसोलिनीच्या इटलीत. त्यांच्या जेपेत्तोचा कार्लो नावाचा मुलगा पहिल्या महायुद्धातील बाँबने मारला गेला आहे. दुःखाने आणि दारूने बेभान होऊन तो मुलाच्या थडग्याजवळचे झाड तोडतो आणि त्यातून बाहुला घडवतो. त्याला हवा असतो कार्लो, मिळतो पिनोकिओ. संतापाच्या भरात तो त्याला ओझे म्हणतो. हा शब्द मुलाच्या मनात रुततो आणि आपण बापावर ओझे होऊ नये म्हणून ते घर सोडते. शेवटी बाप शिकतो. तू दुसऱ्या कोणासारखा होऊ नकोस, हे त्याला कळते. या चित्रपटात पिनोकिओ हाडामांसाचा होत नाही. तो लाकडाचाच राहतो आणि बापाच्या मृत्यूनंतरही जगतो. कोल्लोदीकडे बदलायचे होते ते मुलाने. येथे बदलतो तो बाप.

हिशेब पूर्ण उलटला असे म्हणावे का? आम्हांला तसे निश्चयाने म्हणता येत नाही, आणि त्याचे कारण आमच्याच वर्गात घडले. आम्ही चाळिशी ओलांडलेले अध्यापक. घरी थकलेले आईवडील आहेत आणि मुले वसतिगृहात आहेत. उलटलेला हिशेब आम्हांला सोयीचा वाटतो तो कधी मुलगा म्हणून, आणि खुपतो तो कधी बाप म्हणून. एकदा ‘बालवाङ्मय’ या घटकाच्या तासाला आम्ही कोटाचा प्रसंग सांगत होतो. पिनोकिओ विचारतो की कोट कुठे आहे, आणि जेपेत्तो सांगतो की तो विकला, कारण त्याने उकडत होते. बाहेर बर्फ पडत असतो. पिनोकिओला सारे उमगते आणि तो बापाच्या गळ्यात पडतो.

मागच्या बाकावरचा एक विद्यार्थी म्हणाला, “सर, बापानं खोटं सांगितलं, मग त्याचं नाक का नाही वाढलं?” वर्ग हसला. तो हसला नाही. तास संपल्यावर तो थांबला आणि म्हणाला, “माझ्या प्रवेशाच्या वेळी वडिलांनी बैल विकला. म्हणाले, म्हातारा झाला होता. नव्हता झाला.”

त्या दिवसापासून पिनोकिओ शिकवताना आम्ही वाढणाऱ्या नाकापाशी फार रेंगाळत नाही. मुलाचे खोटे जगाला माहीत आहे. बापाच्या त्या एका खोट्याकडे आम्ही विद्यार्थ्यांचे लक्ष वेधतो. देणाऱ्याने देणे लपवले होते आणि घेणाऱ्याने ते न सांगता ओळखले होते, हे १८८१ साली कोल्लोदीने एका बर्फाळ दिवसाच्या दोन ओळींत लिहून ठेवले आहे. नंतरच्या सर्व लाकडी, पत्र्याच्या आणि प्लॅस्टिकच्या आईबापांची गोष्ट वाचताना तो कोट समोर ठेवून वाचावी, एवढेच आमच्या सहअध्यापकांना आणि विद्यार्थ्यांना सुचवावेसे वाटते.